डब्बा बरा की लॅपटॉप?

गोंदियात डोळे तपासायला आलेला माणूस सहसा खरं बोलत नाही. लबाड असतो म्हणून नव्हे, भिडस्त असतो म्हणून. साक्षी टेंभुर्णे त्याच्या नाकावर ती जड चौकट ठेवते, एक भिंग काढून दुसरं बसवते आणि विचारते, "आधीचं बरं, की हे बरं?" माणसाच्या मनात येतं, मॅडमनं एवढे कष्ट घेतले, आता 'काहीच फरक नाही' कसं म्हणायचं… आणि तो सांगून टाकतो, "हे बरं."

म्हणून साक्षीनं एक युक्ती ठेवली होती. मध्येच ती भिंग काढायची, जरा हवेत फिरवायची आणि तेच भिंग परत बसवायची.

"आता?"

"आता तं एकदम फ्रेश दिसून राहिलं, मॅडम!"

साक्षी मान हलवायची आणि त्याची पुढची उत्तरं जरा हात राखून घ्यायची. दवाखान्यात लागल्यापासून या परीक्षेत कोणी पास झाल्याचं तिला आठवत नव्हतं. त्यात एक माजी मुख्याध्यापक होते आणि एक सध्याचे नगरसेवकही.

डिसेंबरातली सकाळ होती. बाहेर धुकं, आणि धुक्यात राईस मिलमधल्या उकडलेल्या धानाचा गरम, गोडसर वास. समोरच्या खुर्चीत एक उंच, सडसडीत तरुण बसला होता. गळ्यात वाटीएवढे मोठे हेडफोन. नाव राजदीप उके. तक्रार — लॅपटॉपसमोर बसून बसून डोकं दुखतं. साक्षीनं भिंग काढलं, हवेत फिरवलं, परत बसवलं.

"आता?"

त्यानं मान जराशी कलती केली. मग म्हणाला, "मॅडम… हे मघाचंच आहे ना?"

साक्षीचा हात चौकटीवरच राहिला.

"कशावरून?"

"दुसरं भिंग घ्यायला हात पेटीपर्यंत गेला असता. बांगडीचा आवाज तिकडं गेलाच नाही. इथल्या इथंच वाजला."

"डोळे तपासायला आले, की कान दाखवायला?"

"आलो तं डोळ्यांसाठीच होतो," तो त्या लोखंडी चौकटीतून तिच्याकडे पाहत म्हणाला. ती चौकट घातलेला माणूस एरवी गंभीर घुबडासारखा दिसतो. हाही तसाच दिसत होता. तरीही साक्षीनं त्याचा नंबर कागदावर लिहिताना उजवा डोळा डावीकडे लिहिला, आणि मग खोडला.

नेमक्या त्याच वेळी साक्षीचे बाबा, देवीदास टेंभुर्णे, आपले डोळ्यांचे थेंब न्यायला आत आले. देवीदासजी रेल्वेच्या सिग्नल विभागातून निवृत्त झालेले. अनोळखी माणसाला लोक आधी गाव विचारतात, देवीदासजींनी हेडफोनकडे पाहिलं आणि विचारलं, "किती किलोहर्ट्झ?"

"जय भीम, काका," राजदीप चौकटीसकट उठला. "मी वाढवून ऐकतो. अपसॅम्पल करून."

"जय भीम, जय भीम! कशावर करता?"

"लॅपटॉपवर. सॉफ्टवेअरनं."

देवीदासजींचा चेहरा पडला. कोणी रेल्वेचे रूळ भंगारात विकले असं कळल्यावर पडला असता, तेवढा.

हे अपसॅम्पलिंग काय असतं, ते थोडक्यात सांगणं भाग आहे. डिजिटल गाणं म्हणजे सलग रेघ नसते. जवळजवळ मांडलेले ठिपके असतात; सेकंदाला किती हजार, ते किलोहर्ट्झमध्ये मोजतात. अपसॅम्पलिंगमध्ये यंत्र दोन ठिपक्यांच्या मध्ये हिशेबानं आणखी ठिपके भरतं. मूळ गाण्यात एका सुराचीही भर पडत नाही. पण ऐकणारा म्हणतो, वा, काय खुललं! हे काम काही लोक संगणकावरच्या सॉफ्टवेअरकडून करून घेतात, आणि काही लोक त्यासाठी वेगळं यंत्र विकत घेतात. या दोन जातींत रोटीव्यवहार असतो, पण तो भांडत भांडत.

देवीदासजींकडे वेगळं यंत्र होतं. सिंगापूरला नोकरी करणाऱ्या लोकेशनं, साक्षीच्या भावानं, त्यांच्या निवृत्तीला पाठवलेलं. काळं, चपटं, समोर दोन बारीक दिवे. घरात त्याला 'डब्बा' म्हणत.

"रविवारी फुलचूरले घरी या," देवीदासजी म्हणाले. ते आमंत्रण होतं, पण सूर समन्स बजावल्याचा होता. "लॅपटॉप घेऊन या. मंग पाहू."

राजदीपनं साक्षीकडे पाहिलं. साक्षीनं थेंबांच्या बाटलीकडे पाहिलं. "येतो ना काका," तो म्हणाला.

*

पहिल्या रविवारी देवीदासजींनी डब्ब्याची ओळख करून दिली. सून दाखवावी तशी.

"हे पाहा. लोकेशनं पाठवला तेव्हा याच्यावर लाल दिवा लागला होता. मी म्हटलं, लाल दिव्यावर गाडी पुढं कशी जाईल? बटन दाबलं, हिरवा केला. तेव्हापासून हिरवाच आहे. आता ऐका."

राजदीप हिरव्या दिव्याकडे जरा जास्तच वेळ पाहत राहिला. त्याचं तोंड उघडलं… आणि मिटलं. देवीदासजींनी दीक्षाभूमीवरून आणलेली सीडी लावली होती. भीमगीतांची कव्वाली सुरू झाली, बुलबुल तरंगाचा झंकार उठला, आणि देवीदासजींनी डोळे मिटले. आयुष्यभर रुळांकाठी उन्हात उभ्या राहिलेल्या त्या रापलेल्या चेहऱ्यावर असं काही पसरलं, की राजदीप दिवा विसरला.

"कसं?"

"छान आहे, काका. पण सॉफ्टवेअर आणखी…"

आणि भांडण सुरू झालं.

"एक काम, एक यंत्र!" देवीदासजी म्हणायचे. "आमच्या रेल्वेत सिग्नलवाला गाडी चालवत नाही आन् ड्रायव्हर तिकीट फाडत नाही. तुझा लॅपटॉप गाणं वाजवते, पत्र लिहिते, हवामान सांगते. त्याचं ध्यान कुठं राहीन?"

"काका, तुमचा डब्बा जसा आला तसाच राहणार. माझं सॉफ्टवेअर दर महिन्याला नवीन शिकते."

"म्हणजे दर महिन्याले कच्चंच राहते."

एकदा तर ऐन कव्वालीत लॅपटॉप थांबला आणि पडद्यावर सूचना आली की तो स्वतःला अद्ययावत करून घेत आहे, कृपया वाट पाहा. देवीदासजींनी मोठ्या मनानं वाट पाहिली. चेहऱ्यावरचं समाधान मात्र त्यांना लपवता आलं नाही.

साक्षीची आई भागीरथाबाई सुपात तांदूळ निवडत बसलेल्या असायच्या. दोन्ही बाजू ऐकून झाल्यावर त्या विचारायच्या, "गानं तं तेच हाय ना?"

"गाणं तेच आहे, काकू. पण पॉलिश…"

"पॉलिश मारल्यानं तांदूळ वाढते काय?"

यावर दोन्ही पक्ष एकदम गप्प बसायचे, आणि साक्षी चहा आणायच्या निमित्तानं हसू घेऊन स्वयंपाकघरात पळायची.

रविवारचं हे असं. आणि आठवड्यात मध्येच एखाद्या दुपारी राजदीप दवाखान्याच्या दारात उभा असायचा. हातात चष्मा.

"मॅडम, काडी ढिली झाली."

"परत?"

"कंपनी बरोबर नसंन."

साक्षी बारीक पेचकस घेऊन स्क्रू आवळायची. स्क्रू आपोआप इतका ढिला होत नाही, हे ज्ञान तिला तिच्या शिक्षणानं दिलं होतं. ते वापरायची तिला घाई नव्हती. ती सावकाश आवळायची. तो समोर बसून तिच्या बोटांकडे पाहायचा. चष्मा नसल्यामुळे त्याला नीट काही दिसत नसणार, म्हणून तीही मग वर पाहायची… बिनधास्त.

"असं काय पाहता?" एकदा तो म्हणाला.

साक्षी दचकली. "तुम्हाला दिसलं?"

"नाही. बांगडी थांबली."

साक्षीनं चष्मा त्याच्या हातात दिला. त्याच्या बोटांना तिची बोटं लागली — लागून राहिली म्हणावं इतकी नाही, पण लगेच निघालीही नाहीत.

"आता ढिली नाही होणार," ती म्हणाली.

"पाहू," तो म्हणाला.

पण एक गोष्ट साक्षीला कळत नव्हती, आणि ती तिला टोचत होती. हा माणूस येतो कोणासाठी? तिच्यासाठी, की बाबांसाठी, की त्या ठिपक्यांच्या मधल्या ठिपक्यांसाठी? रविवारी तो तिच्याशी बोलायचा त्याहून जास्त डब्ब्याबद्दल बोलायचा. डब्ब्याचा मत्सर वाटणं हे शिकलेल्या मुलीला शोभत नाही. तिला वाटत होता.

*

माघाच्या थंडीत, एका रविवारी, राजदीपनं बशीतला मुरमुऱ्याचा चिवडा संपवला आणि म्हणाला, "काका, कंपनीचं पत्र आलं. हैदराबादला बोलावून राहिले."

राजदीपचं घर बोदलकसाजवळच्या एका खेड्यात. महामारीत कंपनीनं घरून काम करायला लावलं, तेव्हापासून तो गोंदियात खोली करून राहत होता.

"जावंच लागते काय?" भागीरथाबाईंनी विचारलं.

"तसं नाही, काकू. इथूनही काम करता येईल. पण मग बढती नाही मिळणार. उद्या कळवायचं आहे." बोलताना तो साक्षीकडे पाहत नव्हता. इतका कसोशीनं पाहत नव्हता, की ते दिसत होतं.

साक्षीच्या हातात किटली होती. थांबा, एवढा एक शब्द तोंडात तयार होता. पण कोणत्या नात्यानं म्हणायचं? चष्म्याच्या स्क्रूच्या?

"मंग आज निकाल लागलाच पाहिजे!" देवीदासजी ताडकन उठले. "जाण्याच्या आधी. डब्बा बरा की लॅपटॉप. साक्षी, तू घे परीक्षा. तुझा तं धंदाच आहे."

घर पेटलेलं असताना या माणसाला डब्बा दिसतो, असं साक्षीच्या मनात आलं. पण ती कपाटामागे जाऊन बसली.

मांडणी सोपी होती. सीडी प्लेअरमधून डब्बा, डब्ब्यातून एक वायर ॲम्प्लिफायरला. लॅपटॉपमधून दुसरी वायर. गाणं तेच. ॲम्प्लिफायरवरचा खटका इकडं केला की डब्बा, तिकडं केला की लॅपटॉप. देवीदासजी आणि राजदीप भिंतीकडे तोंड करून बसले — शाळेत शिक्षा झालेल्या दोन पोरांसारखे.

साक्षीनं लॅपटॉप जवळ ओढला. सॉफ्टवेअरच्या पडद्यावर अपसॅम्पलिंगच्या पुढं लिहिलं होतं — बंद.

विसरला असेल, तिला वाटलं. मग तिनं डब्ब्याची खात्री करून घ्यायचं ठरवलं. खिशातली तपासणीची छोटी टॉर्च काढली आणि दिव्यांच्या खालची तांदळाच्या कणीएवढी अक्षरं वाचली. लाल दिव्याखाली लिहिलं होतं, यंत्र काम करत आहे. हिरव्याखाली लिहिलं होतं, बायपास. म्हणजे काय, ते ज्या जिल्ह्यात कोहमाऱ्याजवळून हायवे जातो तिथं कोणाला समजावून सांगावं लागत नाही. गाडी गावात शिरतच नाही. बाहेरच्या बाहेर निघून जाते. गाणं डब्ब्याच्या एका बाजूनं येत होतं आणि डब्ब्याला तसदी न देता दुसऱ्या बाजूनं जात होतं.

लाल म्हणजे थांबा, हिरवा म्हणजे चला… रेल्वेच्या माणसानं दुसरं काय केलं असतं?

डब्बा बंद. लॅपटॉपही बंद. एवढे रविवार ज्यांच्यात कुस्ती चालली होती, ते दोन्ही पैलवान आखाड्यात उतरलेच नव्हते.

"लाव ना बेटा!" भिंतीकडून आवाज आला.

तिनं गाणं लावलं. खटका फिरवला. "पहिलं बरं, की दुसरं?"

"दुसरं!" देवीदासजी गरजले. "बुलबुल तरंग अलग उठून आलं!"

साक्षी राजदीपच्या उत्तराची वाट पाहत होती. हा माणूस खरं सांगणार. हा तोच माणूस, ज्यानं चौकट घालूनही सांगितलं होतं, हे मघाचंच आहे.

"दुसरं," राजदीप म्हणाला.

साक्षीनं या वेळी खटक्याला हातच लावला नाही. फक्त टेबलावर टक् केलं आणि तेच गाणं पुढं वाजू दिलं. "आता?"

"आता थोडं दबलं," देवीदासजी म्हणाले. "आधीचंच बरं होतं."

"हो," राजदीप म्हणाला. "आधीचंच."

खोटं बोलून राहिला. साक्षीला आतून गरम वाटलं. काय ऐकतो आहे ते त्याला पक्कं माहीत आहे, आणि तो बाबा म्हणतील ते म्हणतो आहे.

"दुसरं कोणतं होतं, बेटा?"

कपाटामागून उत्तर यायला वेळ लागला. "…डब्बा," साक्षी म्हणाली. ते खरंच होतं; वायर डब्ब्याचीच होती.

"हरलो, काका," राजदीप म्हणाला आणि हात पुढं केला. देवीदासजींनी हात धरला, मग खांदा धरला, मग पाठीवर थाप मारली. त्यांचे डोळे भरून आले होते. लोकेश सिंगापूरला गेल्यापासून त्यांच्याशी एवढं कोणी भांडलंच नव्हतं.

"वायर सोडवायला जरा मागच्या अंगणात या," साक्षी राजदीपला म्हणाली. अंगणात कोणतीही वायर नव्हती. हे कोणीही बोलून दाखवलं नाही.

*

अंगणात दोरीवर चादरी वाळत होत्या. कोवळं ऊन त्यांच्यातून गाळून येत होतं. साक्षीनं चादर बाजूला सारली आणि त्याच्यासमोर उभी राहिली.

"तुम्हाला फरक ऐकू आला?"

"आला ना."

"खोटं."

तो चादरीचं टोक सारखं करू लागला.

"लॅपटॉपवर बंद होतं. कधीपासून?"

"…पहिल्या रविवारपासून."

"आन् डब्बा?"

"तो तं माझ्या आधीपासून."

"मंग सांगितलं काऊन नाही?"

"सांगणार होतो. तोंडसुद्धा उघडलं होतं." राजदीपनं चष्मा काढला आणि उगीच पुसू लागला. "पण काकांनी डोळे मिटले. त्यांचा चेहरा पाहिला तुम्ही, गाणं ऐकताना? मी एवढी वर्षं ठिपके मोजतो, मला कधी तेवढं ऐकू नाही आलं. त्यांना काय सांगू, यंत्र चालू नाही म्हणून? मग मी माझंही बंद केलं. एक जण पायी आणि दुसरा मोटरसायकलवर… ते भांडण बरं नाही दिसत."

बाबांच्या पाठीवरून कोणी इतक्या हलक्या हातानं हात फिरवला होता, आणि कोणाला कळूही दिलं नव्हतं. एवढे रविवार. एखाद्याचे उपकार मनात मावत नाहीत तेव्हा राग येतो, तसा तिला आला.

"खोटं बोलायला जीभ नाही अडली?"

"अडली. पण…" तो थांबला.

"पण काय?"

"भांडण मिटलं असतं तं मी रविवारी कुठं जाणार होतो?"

वाऱ्यानं चादर दोघांच्या मध्ये आली. साक्षीनं ती परत बाजूला केली, जरा घाईनंच.

"माझ्यासाठी येत होते?"

"चष्म्याची काडी रोज कोणाची ढिली होते, मॅडम?"

"मॅडम नका म्हणू."

"साक्षी," तो म्हणाला. एवढंच. पण बिनापॉलिशचं, जसं असतं तसं. कोणत्याही ठिपक्यांची भर न घालता ते तिला पार आतपर्यंत ऐकू गेलं.

"मंग हैदराबादले कायले चालला?"

"थांब म्हणून कोणी म्हटलंच नाही."

"म्हणावं लागते काय? समजत नाही?"

"डोळ्यांतलं मला कमी समजते. नंबर तूच काढला आहेस."

साक्षी हसली, आणि हसता हसता डोळे पुसले. मग विचारलं, "बाबाले सांगायचं? दिव्याचं?"

"ते तू ठरव."

तिनं क्षणभर विचार केला. सांगितलं तर बाबा दिवा लाल करतील. आणि लाल दिव्यासमोर बसून हा माणूस एकही गाणं निवांत ऐकू शकणार नाही. सतत वाटत राहील, पुढं काही अडलं आहे. डब्बा बनवणाऱ्या त्या परदेशी कारागिराला साक्षीनं मनातल्या मनात दुवा दिला. त्यानं दिवे सरळ बसवले असते, तर हे अंगण आज रिकामं असतं.

"राहू दे," ती म्हणाली. "चाल."

"कुठं?"

"आत. तुला नाही जमणार. मीच सांगतो."

देवीदासजी विजयाचं गाणं मोठ्या आवाजात ऐकत होते. साक्षी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. तिच्या मागं राजदीप, हात कुठं ठेवावेत हे न समजून.

"बाबा."

"काय बेटा?"

"राजदीपले हैदराबादले नाही जाऊ द्यायचं."

"मीही तेच म्हणतो. पण बढती…"

"बाबा, मले… मले हाच पाहिजे. लग्नासाठी."

देवीदासजींनी गाणं बंद केलं. पाहुणे आले, वीज कडाडली, तरी या घरात कव्वाली मध्येच कधी बंद झाली नव्हती. त्यांनी भागीरथाबाईंकडे पाहिलं.

"मले काऊन पाहता?" भागीरथाबाई सूप बाजूला ठेवत म्हणाल्या. "मले तं पयल्याच दिवशी समजलं होतं. डब्बा पाहाले कोनी नवा शर्ट घालून येते काय?"

देवीदासजी राजदीपकडे वळले. "आन् तुझं काय म्हणणं आहे?"

राजदीपनं दोनदा घसा खाकरला. सॉफ्टवेअरच्या बाजूनं तासन् तास बोलणाऱ्या या माणसाला स्वतःच्या बाजूनं एक वाक्य सापडेना. "काका… मी उद्या कंपनीला कळवतो. इथंच राहतो म्हणून. आणि… तुमचे लई उपकार आहेत."

"उपकार मंग. आधी तुझ्या बापाचा नंबर सांग."

नंबर लावला. बोदलकसाकडून जागेश्वर उके यांचा आवाज इतका खणखणीत आला, की फोन स्पीकरवर ठेवायची गरज पडली नाही.

"जय भीम, उके साहेब. फुलचूरवरून देवीदास टेंभुर्णे बोलतो. तुमचा राजदीप आमच्या घरी आहे… नाही नाही, काही झालं नाही, घाबरू नका. चांगलंच आहे. आमची साक्षी म्हणते, लग्न करीन तं याच्यासोबतच."

तिकडून आवाज आला, "पोरगी म्हणते? आन् आमचा पोट्टा काय म्हणून राहिला?"

देवीदासजींनी राजदीपला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "तो काहीच नाही म्हणत, साहेब. तो तं नुसता उभा आहे."

पलीकडून जागेश्वरजी मोठ्यानं हसले. भागीरथाबाईंनी खुर्ची पुढं सरकवली. राजदीप बसला, आणि साक्षी, कोणी सांगायची वाट न पाहता, त्याच्या शेजारी जाऊन बसली.